औद्योगिक सुरक्षा : विधिमंडळाची देखरेख (पनवेल)
पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. अशा कारखान्यांत कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी राज्य शासनाच्या कामगार विभागाखालील औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. कारखाने अधिनियम, 1948 आणि महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 हा या कामाचा जुना कायदेशीर पाया होता. भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि निरीक्षकाचे काम अधिक तांत्रिक झाले.

संचालनालयाचा खर्च विधानसभा मंजूर करते. संविधानाच्या अनुच्छेद 203 प्रमाणे अनुदानाच्या मागण्यांवर तिथेच मतदान होते. विधान परिषद केवळ चर्चा करते. ‘2230 कामगार, रोजगार व कौशल्य विकास’ या लेखाशीर्षाखाली वेतन, प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च अशा ओळी असतात. प्रवास खर्चाची ओळ किरकोळ वाटते, पण निरीक्षक तळोज्याच्या फाटकापर्यंत पोहोचतो तो याच पैशावर. मंजूर व भरलेल्या पदांची तुलना हा देखरेखीचा खरा गाभा मानला पाहिजे. रिक्त पदाची किंमत कामगार शरीराने मोजतो.

कारभाराचा जाब तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना व कपात सूचना यांतून विचारला जातो. महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समिती तपासते. तिच्यासमोर विभागाच्या सचिवांची साक्ष होते. केंद्रात, मुंबईच्या शीव येथील कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाच्या मागण्या संसदेची श्रमविषयक स्थायी समिती पाहते.