दातातलं ‘सिमेंट’ आणि तोंडातलं पाणी

“डॉक्टर, दातात सिमेंट भरलं होतं, दोन वर्षांत निघालं. हलकं मटेरियल वापरलं असेल का?” किनवटला पेशंट असं अनेकदा विचारतात. दरवेळी दोष मटेरियलचाच असतो असं नाही. का, ते समजायला थोडा इतिहास पाहू.

दाताच्या रंगाचं सुरुवातीचं मटेरियल खरोखरच सिमेंट होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरलं जाई. दिसायला छान, पण लाळेत ते हळूहळू विरघळे. मात्र त्यातून फ्लोराइड झिरपत असल्यानं आजूबाजूला कीड कमी लागे.

1940च्या दशकात ॲक्रिलिक आलं. ते विरघळत नव्हतं, पण घट्ट होताना आकसायचं आणि दाताला चिकटत नव्हतं. फटीतून लाळ आणि जंतू आत शिरत आणि चांगल्या दिसणाऱ्या फिलिंगखाली दात किडत जाई. म्हणजे मटेरियल पाण्यात टिकून भागत नाही, दाताशी असलेला सांधाही टिकावा लागतो.

1955मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं, की फॉस्फोरिक ॲसिडनं दाताचं वरचं कवच सूक्ष्म खडबडीत केलं तर प्लास्टिक त्याला घट्ट धरतं. राफेल बोवेन यांनी कमी आकसणारं रेझिन बनवलं. त्याचं पेटंट 1962चं. त्यातूनच आजचं कॉम्पोझिट आलं. 1970च्या सुमारास लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर तयार केलं. ते दाताला रासायनिक रीतीनं चिकटतं आणि फ्लोराइडही सोडतं.

तरी पाण्याशी झगडा संपलेला नाही. कॉम्पोझिट चिकटवताना लाळ लागली तर सांधा कच्चा राहतो. ग्लास आयोनोमर पहिली काही मिनिटं ओलं झालं तर खराब होतं, म्हणून त्यावर वार्निश किंवा व्हॅसलीन लावतात. दात कोरडा ठेवायला रबर डॅम 1864पासून आहे, आजही तो उपयोगी आहे.

म्हणून फिलिंग करताना लाळ साचली तर हातानं खूण करा, जीभ लावू नका. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यामुळे डागाळलेल्या दातांवर ॲसिडचा परिणाम कमी होऊ शकतो. आपण तसं पाणी पीत असाल तर दंतवैद्यांना जरूर सांगा.

फिलिंगची कड काळी पडली, अन्न अडकू लागलं किंवा थंड पाणी झोंबू लागलं, तर लगेच दाखवा. ठणक लागेपर्यंत थांबलात, तर कीड नसेपर्यंत पोहोचलेली असू शकते.