शिंगराच्या जडणघडणीत घोडीचा वाटा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या नावात ‘कॅव्हलरी’ म्हणजे घोडदळ हा शब्द आढळतो. याचे कारण असे की, ‘पूना हॉर्स’सारखी रणगाड्यांची काही दले मुळात घोडदळे होती. या जिल्ह्याचा घोड्यांशी संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे.

मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली. चौल हे तिचे बंदर. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे समुद्रमार्गे दख्खनमध्ये येत. ते फार महाग पडत. पुढे मलिक अंबराने आणि त्यानंतर मराठ्यांनी चपळ घोडदळाच्या बळावर मोठमोठ्या सैन्यांना जेरीस आणले. डोंगराळ मुलखात, कमी चंदीवर, लांबचा पल्ला मारणारे जनावर त्यासाठी हवे होते. सतराव्या-अठराव्या शतकांत परदेशी घोडे आणि इथली काटक तट्टे यांच्या संकरातून असे जनावर तयार झाले. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा, म्हणून तो ‘भीमथडी’.

अशा संकरात नराची निवड महत्त्वाची ठरते. घोडी वर्षाला फार तर एक शिंगरू देते. नर मात्र एका हंगामात अनेक घोडींना दाखवता येतो. म्हणूनच इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातही सरकारी नर ठेवून गावोगावच्या घोडींची पैदास सुधारण्याचे प्रयत्न झाले. या सगळ्यात नकळत एक समज रुजला, की नर उंचापुरा असला म्हणजे काम झाले.

हा समज कितपत खरा? वॉल्टन आणि हॅमंड या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. शायर हा अवाढव्य घोडा. शेटलंड हे अगदी ठेंगणे तट्टू. कृत्रिम रेतनाने त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्ही प्रकारच्या शिंगरांत आनुवंशिक वाटा जवळजवळ सारखाच, निम्मा-निम्मा. तरीही शायर घोडीचे शिंगरू जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे भरले! पुढे हे अंतर कमी झाले, पण पूर्णपणे मिटले नाही. गर्भ किती वाढणार, हे आईचे गर्भाशय आणि तिच्याकडून होणारे पोषण यांवर अवलंबून असते, असा याचा अर्थ. केवळ उंच नर आणून मोठे शिंगरू मिळत नाही.

मग नर कसा निवडावा? जुन्या अश्वपरीक्षेत अंगावरचे भोवरे आणि पंचकल्याणीसारख्या खुणा यांना फार मान होता. त्यांचा शुभाशुभाशी काहीही संबंध नाही. मात्र त्याच परंपरेतली सरळ पाय, कणखर खूर, रुंद छाती, मोकळी चाल आणि शांत स्वभाव यांची पारख आजही उपयोगी आहे. नराची आधीची शिंगरे पाहावीत आणि तो घोडीच्या जवळच्या नात्यातला नाही याची खात्री करावी.

गाभण घोडीच्या काळजीचे गणित ऋतूंशी जोडलेले आहे. दिवस मोठे होऊ लागले की घोडी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा. चैत्रात गाभण राहिलेली घोडी फाल्गुनाच्या सुमारास विते. गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. तो काळ हिवाळ्याचा. त्यानंतर शिंगरू अंगावर पीत असते आणि नगरसारख्या अवर्षणप्रवण भागात ओला चारा व पाणी यांची टंचाई असते, ती नेमकी तेव्हाच. नुसत्या कडब्यावर या दोन्ही अवस्था निभावत नाहीत. चंदी आणि हिरवा चारा हळूहळू वाढवावा लागतो. बुरशी लागलेला चारा कटाक्षाने टाळावा. हलकी चाल चालू ठेवावी, परंतु जड ओझे लादू नये. घोडी बहुधा रात्री विते. घोडीच्या वारेतून गर्भाकडे रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ जात नाहीत. त्यामुळे शिंगराला पहिल्या काही तासांतच चीक मिळायला हवा.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि भीमथडीची लष्करी गरज ओसरत गेली. तो टिकला तो मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर. संसार, कोंबड्या आणि लहान कोकरे पाठीवर घेऊन तो मेंढरांमागे चालत राहिला. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने नव्याने नोंदवलेल्या देशी जातींमध्ये त्याचे नाव जाहीर झाले.

खरा प्रश्न यापुढचा आहे. चांगल्या किमतीच्या आशेने उंच, परक्या जातीचे नर वापरले, तर ही जात विरून जाईल. मोजकेच ‘उत्तम’ नर सर्वांनी वापरले, तर काही पिढ्यांत सगळी जनावरे एकमेकांची नातलग होतील. या दोन टोकांमधला मार्ग कोणता, हा प्रश्न आनुवंशिकता शिकवताना वर्गात जरूर विचारावा. उत्तर शोधताना विद्यार्थ्यांनी नराबरोबर घोडीचाही विचार करावा, एवढीच आमची अपेक्षा.