चांदी भरलेली दाढ

परवा घरी वर्ध्याला गेलो आणि किडलेल्या दाढेत दाताच्या रंगाचं फिलिंग करून आलो. बाबांच्या दाढेत चांदी आहे. सावंगी मेघेला १९९१ मध्ये डेंटल कॉलेज निघालं, त्यानंतर लवकरच भरलेली.

मला वाटायचं, फरक फक्त दिसण्याचा. पण नाही! चांदी-पाऱ्याचं मिश्रण दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावं म्हणून खड्डा आतून रुंद करावा लागतो, म्हणजे चांगला दातही कोरला जातो. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने दाताचं कवच खरबरीत केलं आणि प्लास्टिक त्याला चिकटलं. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी मजबूत रेझिनचं पेटंट मिळवलं. मग कोरायचं ते बहुतेक किडलेलंच.

बाबा म्हणाले, "अबे, माझी चांदी तीस वर्षं झाली, हालली नाही!"

खरंय. माझं किती टिकेल, बघू. पण दाढ तरी जास्त उरली.