बोटीला अर्थ कुठला?

पुण्यात जुनी यंत्रे आणि त्यांची माहितीपुस्तके जमवणाऱ्याला दोन ठिकाणे चुकत नाहीत : कुंभारवेशीजवळचा जुना बाजार आणि गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेली नाना पेठ. गेली काही वर्षे मी या दोन्ही ठिकाणी एका शब्दाच्या मागे फिरतो आहे. तो शब्द म्हणजे 'अर्थ'. संस्कृतातला नव्हे. इंग्रजीतून कारखान्यात आला आणि मिस्त्रींच्या तोंडी मराठी होऊन बसला, तो. 'अर्थ नीट नाही', 'अर्थ तुटलाय', 'बॉडीला अर्थ दे'. घरातल्या वायरिंगमध्ये या शब्दाचा जमिनीशी खरोखरच संबंध असतो. गाडी मात्र रबराच्या चाकांवर उभी असते, जमिनीला तिचा स्पर्शच नाही. तिथे अर्थ म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. करंट परत नेणारी वाट.

मग बोटीचे काय? लाकडाची, फायबरची किंवा रबराची बोट, खाली पाणी, मागे लटकवलेले पेट्रोलचे इंजिन. तिला अर्थ कुठला?

हा प्रश्न पुणेकराने का विचारावा, असे कुणाला वाटेल. आपल्याकडे नौकानयन म्हणजे १८६८ साली स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचे रिगाटा. सगळा वल्ह्यांचा कारभार. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदी पेठांत शिरली, तेव्हापासून पुण्याला पाण्याची धास्ती आहे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळच सुदुंबऱ्याला आहे. पुरात नेतात ती हवेने फुगवलेली रबरी बोट आणि तिच्या पाठीला लावलेले इंजिन, ज्याला हे लोक 'ओबीएम' म्हणतात. रस्त्यावर स्कूटर बंद पडली तर आपण ती ढकलतो. प्रवाहात इंजिन बंद पडले की बोट आडवी होते आणि पाणी नेईल तिकडे जाते. अशा वेळी जो तो पहिल्यांदा प्लगला हात घालतो. माझे म्हणणे असे, की ठिणगीच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात प्लग नेहमीच आरोपी ठरला आणि परतीची वाट बऱ्याचदा चौकशीविना सुटली.

परतीला वेगळी तार लागत नाही, हा शोध मुळात तारायंत्रातला. म्युनिकच्या श्टाइनहाइलने १८३८ साली दाखवले की जाणारी एक तार पुरे, परतीचे काम जमीन करते. पुढच्याच वर्षी कलकत्त्याजवळ ओशॉनेसी या डॉक्टराने आपले प्रयोग केले, तेव्हा त्याने हुगळीच्या पाण्यालाही सर्किटमध्ये वाहक म्हणून जुंपून पाहिले. म्हणजे पाण्याला 'अर्थ' करण्याचा विचार आपल्या देशात मोटारीच्या कितीतरी आधीचा. पण बोटीच्या इंजिनात तो चालत नाही. इंजिनातला करंट नदीत जाऊन परत येत नसतो. अनेक हुशार माणसांचा गोंधळ इथेच होतो.

ठिणगीने पेटणारे इंजिन पॅरिसच्या लन्वारने १८६० साली बांधले. त्याची ठिणगी बॅटरी आणि कॉइलवर चालणारी होती. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, तेव्हा हे तंत्र भरवशाचे झाले. प्लगची रचना आजही तीच आहे : मधोमध एक टोक, भोवती चिनी मातीच्या जातीचे वेष्टन, बाहेर पोलादी अंग. ठिणगी पडली की करंट त्या पोलादी अंगाच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत उतरतो आणि तिथून कॉइलकडे परततो. तेव्हा बोटीचा अर्थ म्हणजे इंजिनाचा ठोकळा. बोट रबराची असो की सागवानाची, या ठिणगीला फरक पडत नाही. पाणी, जमीन, पृथ्वी यांचा इथे काही संबंध नाही. (शब्द मात्र पृथ्वीचाच राहिला. भाषा अशीच चालते.)

ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ साली बोटीच्या पाठीला अडकवायचे दीड अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आणले. पुढे अशा इंजिनांत फ्लायव्हीलखालीच मॅग्नेटो बसू लागला आणि त्याबरोबर अर्थाची एक उलटी करामत आली. मोटारीत किल्ली फिरवली की बॅटरीचा पुरवठा तुटतो आणि इंजिन थांबते. मॅग्नेटोला तोडायला पुरवठाच नाही, चाक फिरते तोवर तो वीज करतच राहतो. त्याला थांबवायचे तर त्याची वीज ठिणगीआधीच अर्थ करून टाकावी लागते. बोट चालवणाऱ्याच्या मनगटाला जी लाल दोरी असते, ती हेच करते. माणूस पाण्यात पडला, दोरी ओढली गेली, की स्विच एक तार ठोकळ्याला जोडतो आणि ठिणगी मरते. मॅग्नेटोवरच्या जुन्या स्कूटरी याच तत्त्वावर बंद होत. चेतकच्या काळात मात्र आपण प्रत्येक दुखण्यावर स्कूटर तिरकी करण्याचा एकच उतारा करत असू.

म्हणून बोटीत अर्थ दोन प्रकारे दगा देतो. हवा तिथे तुटला तर ठिणगी नाही. नको तिथे लागला तरी ठिणगी नाही. थांबवण्याची तार हादऱ्याने घासून तिचे वेष्टन गेले, किंवा दोरीच्या स्विचमध्ये खारे पाणी शिरले, की इंजिन 'बंद हो' असा हुकूम सतत ऐकत राहते. आपण मात्र प्लगमागून प्लग बदलतो. नवा प्लग टाकल्यावर कधी कधी इंजिन चालूही होते, कारण त्या खटपटीत ती तार थोडी हललेली असते. प्लगची बदनामी अशीच पक्की होते.

नाना पेठेतल्या एका वृद्ध मेकॅनिकने मला तपासणीचा जो क्रम सांगितला, तो छापील पुस्तकांशी बहुतेक जुळतो. प्लग काढून त्याचे तोंड पाहायचे. तपकिरी असेल तर इंजिन ठीक. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, नाहीतर ठिणगीच अशक्त. पांढरा, फोड आल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ आणि इंजिन तापते आहे. मग प्लगचे अंग ठोकळ्याला घट्ट टेकवून, पेट्रोलच्या वाफेपासून दूर, ठिणगी पाहायची. टोपी हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढण्याची खोड वाईट. उच्च दाबाला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतच वाट काढतो. ठिणगी नसेल तर थांबवण्याची तार तात्पुरती सोडवायची. लगेच ठिणगी आली तर चोर स्विचच्या बाजूला आहे. ही परीक्षा काठावरच करायची, कारण दोरीची राखण त्या वेळी गेलेली असते.

सेल्फ-स्टार्टर असेल तर आणखी एक जागा बघायची : बॅटरीच्या ऋण टोकापासून ठोकळ्यापर्यंतची जाड तार. स्टार्टर फिरत असताना या दोन टोकांमध्ये मीटर लावला तर जवळजवळ शून्य दिसायला हवे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर ती तार नावापुरतीच. ही वाट तुटली की स्टार्टरचा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो आणि कधी थ्रॉटलच्या केबलमधून परततो. केबल हाताला चटका देते आणि दोष केबलला लागतो! तांब्याचे टोक, अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि खारे पाणी एकत्र आले की सांध्यात पांढरी पूड साठते. ती वीज अडवते. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून आवळायचे आणि मग वरून ग्रीस लावायचे. आधी नव्हे.

पांढऱ्या पुडीचे शास्त्र मोटारीहून जुने आहे. हम्फ्री डेव्ही याने १८२४ साली ब्रिटिश आरमारासाठी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याऐवजी ते तुकडे झिजले, तांबे वाचले. पण वाचलेल्या तांब्यावर शिंपले आणि शेवाळ माजले, जहाजे मंदावली आणि योजना सोडून द्यावी लागली. युक्ती मात्र टिकली. आजच्या आउटबोर्ड इंजिनांच्या पाण्यातल्या भागावर जस्ताचा किंवा तशाच धातूचा तुकडा असतो, तो डेव्हीचा वारसा.

आपल्या किनाऱ्याने या साऱ्या कटकटीवर वेगळे उत्तर शोधले, आणि त्याचा एक धागा पुण्यात येतो. खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. डिझेल इंजिनाला प्लग लागत नाही. दाबलेल्या हवेची उष्णताच तेल पेटवते. हँडल मारून सुरू होणाऱ्या डिझेल इंजिनात तर वीजच नाही, म्हणून अर्थही नाही. मोठ्या मच्छीमार बोटींनी डिझेल धरले त्याला तेलाचा खर्च आणि आगीचे भय ही कारणे सांगतात, ती खरीच आहेत. पण खाऱ्या हवेत ठिणगी सांभाळण्याचा ताप टळला, हे कारण माझ्या मते त्यांच्याइतकेच मोठे. इतिहासात त्याची नोंद कमी होते, कारण न पडलेल्या बिघाडाची नोंद कुणी ठेवत नाही.

पुढे त्याच बोटींवर सेल्फ-स्टार्टर आला, वायरलेस आला, मासे शोधणारे यंत्र आले, आणि अर्थ मागच्या दाराने परतला. कोकणातल्या एका बंदरात पावसाळ्यात ओढून ठेवलेली एक बोट मी पाहिली. नुकताच रंग दिला होता, डोळ्यांत भरावा असा निळा. सुकाणूजवळच्या जस्ताच्या तुकड्यालाही तोच रंग काळजीपूर्वक फासलेला होता. रंगाखालचे जस्त काही काम करत नाही. मी तांडेलाला तसे सांगितले. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा जस्ताकडे पाहिले आणि पोराला पॉलिश पेपर आणायला पिटाळले.