टेबलावरून मांडीवर

साधारण २००५ ते २०१० या काळात जून महिना आला की आमच्या नात्यागोत्यात एक प्रश्न हमखास निघायचा. पोरगं हॉस्टेलला चाललंय, तर घरातला कॉम्प्युटर बांधून द्यावा की नवा लॅपटॉप घ्यावा? आता हे कोणी विचारत नाही, लॅपटॉप गृहीतच धरलेला असतो. पण हे गृहीत धरण्यापर्यंत यायला पस्तीसेक वर्षं लागली. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या बाईला असल्या गोष्टीत रस वाटणारच!

गंमत म्हणजे मांडीवरच्या संगणकाची कल्पना पहिल्यापासून मुलांसाठीच होती. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ॲलन के नावाचे एक गृहस्थ होते. १९७२ साली त्यांनी एक निबंध लिहिला, 'सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक' अशा अर्थाच्या शीर्षकाचा. यंत्राचं नाव डायनाबुक. वहीएवढं, वजन दोन किलोच्या आत, सपाट पडदा, खाली कळफलक. निबंधातलं चित्र मी पाहिलं आहे. दोन मुलं हिरवळीवर बसली आहेत आणि दोघांच्या हातात आपापली पाटी. पाटीच म्हणायची, दुसरा शब्द सुचत नाही. तेव्हा कित्येक ठिकाणी संगणक खोली भरून असायचे आणि हे गृहस्थ तो गवतावर नेऊन ठेवत होते.

ते यंत्र काही तेव्हा झालं नाही. त्याऐवजी १९७३ साली त्यांच्या केंद्रात 'आल्टो' तयार झाला, आणि त्याचं पेटीएवढं धूड टेबलाखाली ठेवावं लागे. निघाले हिरवळीवर जायला आणि पोचले टेबलाशी.

पुढचा माणूस आपल्याला जरा जवळचा. ॲडम ऑस्बोर्न. जन्माने युरोपीय, पण बालपण तमिळनाडूत गेलं, कारण वडील रमण महर्षींचे भक्त, तिरुवण्णामलैला राहणारे. याने १९८१ साली उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. वजन अकरा किलो! पडदा पाच इंची, आणि वीज लागायची ती भिंतीतूनच. किंमत १७९५ डॉलर. बंद केला की शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. धडाक्यात खपला आणि १९८३ साली कंपनी बुडालीसुद्धा. नवं मॉडेल येणार अशी बातमी आधीच फुटल्याने जुन्याला गिऱ्हाईक उरलं नाही, असं कारण नेहमी सांगितलं जातं. ऑस्बोर्न अखेरीस भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला.

पुस्तकासारखा मिटणारा संगणक आला १९८२ साली, ग्रिड कंपास नावाचा. बिल मॉग्रिज यांनी ती बिजागरी आखली आणि आजही आपण तीच उघडतो-मिटतो. पण किंमत आठ हजार डॉलरच्या वर. तो गेला बड्या साहेबांकडे आणि नासाच्या अवकाशयानात. मुलांसाठी कल्पिलेली वस्तू आधी अंतराळात गेली, मग वर्गात आली!

कॉलेजं मात्र तोवर टेबलावरच्या यंत्रांकडे वळली होती. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने १९८३-८४ साली प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक हवाच असा नियम केला. सगळ्यांना लॅपटॉप देण्याचं धाडस मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रूकस्टन इथल्या छोट्या शाखेने १९९३ साली केलं. मोठ्या नावाच्या कॉलेजाने नव्हे, आडगावच्या शाखेने. मला हे फार आवडलं.

तरी सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत तो पोचेना. अडसर होता बॅटरीचा, वायरचा आणि पैशाचा. हलकी लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, बिनतारी जोडणीचं प्रमाण १९९७ साली ठरलं, आणि २००३ पासून इंटेलने लॅपटॉपसाठी खास केलेल्या चिपसोबत ही जोडणी सर्रास मिळू लागली. मग किमती उतरल्या. २००८ सालच्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप पहिल्यांदाच जास्त विकले गेले.

आमच्या घरी ही उलथापालथ त्याच्या एक वर्ष आधी झाली. लेक इंजिनिअरिंगला गेली तेव्हा २००३ साली असेंबल केलेला डेस्कटॉप घेतला होता. हॉलमध्ये खिडकीशी टेबल, त्यावर भलामोठा मॉनिटर, शेजारी यूपीएस, आणि मी शिवलेलं फुलाफुलाचं कव्हर. भारनियमनाचे दिवस. वीज गेली की यूपीएस टीं टीं करायचा आणि स्वयंपाकघरातून मी ओरडायची, "सेव्ह कर गं!" तिचं सबमिशन म्हणजे घरादाराचं सबमिशन. ती काय वाचते, कशावर हसते, कोणत्या मैत्रिणीची मेल आली, हे मुद्दाम न विचारता कळायचं. हे वाकून बघायचे, ती रागवायची, तरी बघायचे.

२००७ साली ती एम.टेक.साठी बाहेर पडली. डेस्कटॉप नेणं शक्य नव्हतं, म्हणून मुदतठेव मोडून लॅपटॉप घेतला. जायच्या आदल्या आठवड्यात ती गच्चीत, पलंगावर, पायरीवर, कुठेही मांडीवर घेऊन बसे. आणि तो पडदा नेहमी तिच्याकडे तोंड करून! आम्हाला दिसायची ती नुसती झाकणाची पाठ. हे म्हणाले, "चांगलं आहे, तिचं तिला झालं." आणि उगाचच यूपीएसची वायर गुंडाळत बसले.

लोक वजन, बॅटरी, वेग यांची तुलना करतात, पण माझ्या लेखी खरा बदल हा आहे. डेस्कटॉप घराचा होता, लॅपटॉप एकाचा. ॲलन के यांच्या चित्रातही मुलांच्या आसपास आईबाप नाहीतच. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच होतं, असं मी शिक्षिका म्हणून म्हणेन. चोवीस तास कोणी खांद्यावरून बघत असेल तर कोण काय शिकेल? आई म्हणून विचाराल तर त्या वर्षी हॉलमधलं ते टेबल मला पुसवत नव्हतं.

पुढे त्याच रिकाम्या खुर्चीवर मी बसू लागले. लेकीने फोनवरून 'बरहा' उतरवून घ्यायला शिकवलं, एका बोटाने मराठी टंकायला लागले आणि त्यातून हा ब्लॉग निघाला. तो डेस्कटॉप २०१३ पर्यंत चालला. मदरबोर्ड गेला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, आता याचे पार्ट मिळत नाहीत." भंगारवाल्याने सगळं नेलं. कव्हर तेवढं ठेवून घेतलं, ते आता मिक्सरवर आहे.

तुमच्या घरातला पहिला डेस्कटॉप कुठे गेला? आठवत असेल तर जरूर लिहा.