हृदयशस्त्रक्रियेचे प्रगतिपुस्तक

'बायपास' हा शब्द आपल्यात आता इतका रुळला आहे की मंडळाच्या पिकनिकलासुद्धा "यांच्या तीन झाल्या, त्यांच्या चार" असा हिशेब कानावर पडतो. पण या शस्त्रक्रियांचा जाहीर हिशेब प्रथम कसा मांडला गेला, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मी पेशाने आयटी कन्सल्टंट. वैद्यकातले मला कळते ते वाचून. तरी ही गोष्ट मला जवळची वाटते, कारण तिच्या मुळाशी डेटा आहे.

१९६० मध्ये ओरेगनमधील पोर्टलंडला डॉ. अल्बर्ट स्टार यांनी, इंजिनिअर लॉवेल एडवर्ड्स यांच्यासोबत तयार केलेली कृत्रिम झडप रुग्णाच्या हृदयात बसवली. पिंजऱ्यात चेंडू ठेवावा तशी तिची रचना होती. १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मूळचे अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास केली. वीस वर्षांत या शस्त्रक्रिया नेहमीच्या झाल्या. पण कुठल्या हॉस्पिटलात किती जण दगावतात, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता.

१९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने बायपासच्या प्रत्येक रुग्णाची माहिती गोळा करायला सुरुवात केली. नुसते मृत्यू मोजणे अन्यायाचे. पन्नाशीचा धडधाकट माणूस आणि मूत्रपिंडे थकलेले, मधुमेही ऐंशीचे आजोबा एका तागडीत कसे घालणार? म्हणून वय, हृदयाची ताकद, इतर आजार धरून अपेक्षित मृत्यू काढायचे आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. 'न्यूजडे' वृत्तपत्राने तर कोर्टात जाऊन १९९१ मध्ये सर्जनांच्या नावानिशी आकडे मिळवले आणि छापले. सर्जन मंडळी अर्थातच खवळली.

जोखीम धरून काढलेला राज्याचा मृत्युदर १९८९ ते १९९२ या काळात ४.१७ टक्क्यांवरून २.४५ वर आला. मला यापेक्षा बोलकी वाटते ती अल्बनीच्या सेंट पीटर्स हॉस्पिटलची हकिगत. तिथले नेहमीचे रुग्ण ठीक होत. पण १९९२ मध्ये तातडीने शस्त्रक्रिया केलेल्या ४२ जणांपैकी ११ दगावले होते. कागदपत्रे तपासल्यावर ध्यानात आले की अशा रुग्णाला घाईघाईने टेबलावर घेतले जात होते. मग आधी औषधांनी, बलून पंपाने त्याचे हृदय सावरायचे आणि नंतर सुरी हाती घ्यायची, असे ठरले. सर्जन तेच, हॉस्पिटल तेच. १९९३ मध्ये अशा ५४ रुग्णांपैकी एकही गेला नाही.

पण मार्क आले की मार्कांसाठी अभ्यास आलाच! फुफ्फुसाचा जुना विकार असलेल्या रुग्णांची नोंद १९८९ मध्ये ६.९ टक्के होती, ती १९९१ मध्ये १७.४ झाली. काही नोंदी आधी राहून जात असतील. पण रुग्ण कागदावर जास्त आजारी दाखवला की सर्जनचे मार्क सुधारतात, हेही खरे. पेनसिल्व्हेनियातही असे अहवाल निघत. तिथल्या १९९६ च्या पाहणीत ६३ टक्के सर्जनांनी अत्यंत आजारी रुग्णांवर शस्त्रक्रिया करायला आपण आता कमी राजी असतो, असे सांगितले, तर ५९ टक्के कार्डिऑलॉजिस्टना अशा रुग्णांसाठी सर्जन मिळवणे अवघड झाले होते. १९९८ च्या एका अभ्यासात मात्र न्यूयॉर्कच्या वयस्कर रुग्णांना राज्याबाहेर जावे लागण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

ही चर्चा माझ्यासाठी २००३ मध्ये घरात आली. सासऱ्यांची झडप अरुंद झालेली, तीन रक्तवाहिन्यांत अडथळे, वर मधुमेह. न्यू जर्सीच्या पुस्तिकेत आकडे होते ते निव्वळ बायपासचे. झडप आणि बायपास एकत्र केली की धोका बराच वाढतो. एका सर्जनने गोड शब्दांत नकार दिला. कारण वैद्यकीय होते की पुस्तिकेतले, देव जाणे. दुसऱ्याने आठवडाभर ठेवून साखर आणि मूत्रपिंडे ताळ्यावर आणली, मग शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सासरे नऊ वर्षे आमच्या अंगणात टोमॅटो लावत होते.

पुढे न्यूयॉर्कने कार्डिओजेनिक शॉकमध्ये गेलेले, म्हणजे हृदय जवळजवळ हतबल झालेले रुग्ण या गुणांकनातून वगळले, म्हणजे त्यांना हात लावायला सर्जन कचरू नयेत. झडपेच्या आणि झडप-बायपास अशा एकत्रित शस्त्रक्रियांचे आकडेही तिथे वेगळे छापले जाऊ लागले.