तळटीप : यालताची इच्छा

* यालता ही बॅबिलोनियातील विद्वान रब्बी नाखमान यांची पत्नी. देवाने जे जे निषिद्ध ठरवले, त्याच्याच चवीचे दुसरे काहीतरी खायला मोकळीकही दिली, असे तिचे म्हणणे. मग निषिद्ध असलेल्या दुधातल्या मांसाची चव कशात मिळेल? नाखमान यांनी आचाऱ्यांना जनावराची कास सळईवर भाजायला सांगितली. ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘हुल्लीन’ या भागातली ही कथा मला फार मोलाची वाटते : धर्म पाळणाऱ्याला नव्या चवीची ओढ वर्ज्य नाही, हे ती ठामपणे दाखवते. अशा नव्या चवी आहारनियमांच्या आतही सापडतात. हरीण रवंथ करते, त्याचे खूर दुभंगलेले असतात. म्हणून ते चालते, मात्र विधिपूर्वक कापलेले, शिकारीत गोळी घातलेले नव्हे. टोळांच्या काही जाती येमेनी ज्यू परंपरेने खातात. ती परंपरा नसलेले बहुतेक ज्यू त्या टाळतात. — संपा.